मदत हवी आहे: करडईवरचा मावा ज्वारीवर येतो का? चिकटा लई पडलाय

नमस्कार मंडळी, परभणीजवळ शेत हाय, अडीच एकर मालदांडी ज्वारी, मधीमधी करडईचे पट्टे, आजोबापासून असंच पेरत आलोत. आठ दिवसाखाली चार-दोन धाटांवर मावा दिसला होता, मग आभाळ भरून आलं अन् आज पाहतो तर खालची पानं तेल सांडल्यासारखी चमकायलीत, काही पानांवर काजळी बी धरलीय. पीक पोटरीत हाय, म्हणजे कणीस अजून पानाच्या आतच हाय. शेजारी म्हणायलेत करडईचा काळा मावाच इकडं आला, करडई उपटून टाक. पण ज्वारीवरचा तर पिवळा दिसायलाय! मला दाण्यापेक्षा कडब्याची जास्त काळजी, दोन बैल अन् एक म्हैस त्याच्यावरच हायेत, चिकट कडबा जनावरं तोंडात धरत नाहीत. करडई उपटू का? अन् आठ दिवसात एवढा मावा आला कुठून?

प्रतिसाद:
दादा, करडईला हात लावू नका. काळा मावा करडईच्या कुळातल्या झाडांवर जगतो, ज्वारीचा रस त्याला चालत नाही. तुमचा पिवळा मावा गवताच्या कुळातला, ज्वारी, ऊस, बरू (ज्वारीसारखं रानगवत) यांच्यावरचा. शेतात ज्वारी नसते तेव्हा उसावर नाहीतर बांधावरच्या बरूवर तग धरतो अन् पंखवाल्या माद्या उडून येतात. आपल्याकडं त्याला नर लागत नाही, अंडी नाहीत, मादी थेट पिल्लं देते आणि त्या पिल्लाच्या पोटात जन्माआधीच पुढची पिल्लं वाढायला लागलेली असतात, म्हणून आठ दिवसात पान भरतं. ज्वारीच्या रसात साखर मायंदाळ पण अमायनो आम्लं कमी, त्यामुळं तो रस ओढतच राहतो अन् जादा साखर मागून टाकतो, तोच चिकटा. काजळी म्हणजे त्या साखरेवर वाढलेली बुरशी. मावा चमकणाऱ्या पानावर नसतो, त्याच्या वरच्या पानाच्या पाठीमागं असतो, फवारा तिथं पोचला पाहिजे. पण आधी ढालकिडे (मावा खाणारे ठिपक्यांचे गोल किडे) अन् त्यांच्या काळ्या-नारंगी अळ्या आहेत का बघा. करडईचा मावा खाऊनच ते वाढतात अन् मग ज्वारीवरचा बी खातात.

मूळ प्रश्नकर्ता:
आत्ताच जाऊन पाहिलं. पान उलटं केलं तर पाठ सगळी पिवळी, अन् नाल्याकाठी बरू हाय, त्याच्यावर बी तोच. करडईत ढालकिडे भरपूर दिसले, उपटत नाही. बरू उद्याच कापतो. आता एवढं सांगा, निंबोळी अर्क ५ टक्के मारला तर ढालकिड्याच्या अळ्या वाचतील का, का नुसत्या खालच्या पानांवरच मारू?