मदत हवी आहे: चार ठिकाणच्या डेटाबेसची रचना एकसारखी कशी करावी?

आमच्या मच्छीमार संस्थेचे डिझेल व बर्फाचे हिशेब हर्णै, जयगड, देवगड आणि मालवण येथील चार संगणकांवर मायएसक्यूएल ८.० या डेटाबेस प्रणालीमध्ये आहेत. वेळोवेळी हाताने केलेल्या बदलांमुळे टेबलांची रचना आता कुठेच जुळत नाही.

मायएसक्यूएल-डंप या निर्यात साधनाने नोंदी वगळून केवळ रचना काढली आणि डिफ या फाइलींतील फरक दाखवणाऱ्या साधनाने तुलना केली. मात्र ऑटो-इन्क्रिमेंटचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडे आणि स्तंभांचा क्रम यांच्या गर्दीत खरे फरक हरवतात. मायएसक्यूएलच्याच वर्कबेंच या साधनाने रचना जुळवणारी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) तयार करून दिली, परंतु एका स्तंभाचे नाव बदललेले असताना तिने जुना स्तंभ काढून नवा जोडण्याची आज्ञा लिहिली. ती तशीच चालवली असती, तर नौकांचे क्रमांकच पुसले गेले असते.

बॅकअप आहे. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीकडे तूर्त जाता येणार नाही. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपण्यापूर्वी काम व्हायला हवे, आणि पावसात वीज व इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे असल्याने स्क्रिप्ट पेन ड्राइव्हवरूनच चालवावी लागेल. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) आपोआप कमिट, म्हणजे कायम होते, त्यामुळे मध्येच वीज गेल्यास आधी झालेले बदल रोलबॅकने मागे घेता येत नाहीत.

नामांतरे आधी स्वतंत्रपणे नोंदवून, इन्फर्मेशन स्कीमा (टेबले व स्तंभांची माहिती देणारी मायएसक्यूएलमधील यादी) तपासत, थांबलेल्या जागेपासून पुन्हा निर्धोकपणे चालवता येईल अशी स्क्रिप्ट कशी रचावी, की त्यासाठी एखादे ऑफलाइन साधन आपण प्रत्यक्ष वापरले आहे?