विषय: चर्च हॉल पाडणार, आपण काय लिहायचं?

प्रेषक: मंडळाचे सचिव

नमस्कार मंडळी,

इथे इंग्लंडात आपण ज्या चर्च हॉलमध्ये गणपती बसवतो, त्याच्या बाहेरच्या दिव्याच्या खांबावर काल कौन्सिलची बांधकाम-परवानगीच्या (प्लॅनिंगच्या) अर्जाची नोटीस लागली. रात्री बसून अर्ज वाचला. जुना हॉल पाडायचा, त्या जागेवर सहा घरं बांधायची आणि जमिनीच्या पैशातून चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला लागून नवा हॉल उभा करायचा, असा बेत आहे. जुन्या हॉलवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे आहेत आणि दुरुस्तीचा खर्च झेपत नाही, असं कारण दिलंय. लेखी मत कळवायला २१ दिवस आहेत. यंदाच्या दिवाळीचं बुकिंग पक्कं आहे. पुढच्या गणपतीचं मात्र व्हिकरनाही (चर्चच्या धर्मगुरूंनाही) आज सांगता येत नाही.

काय करावं, लवकर कळवा.

प्रेषक: काका

सचिव महोदय,

मेल वाचल्यापासून चैन नाही. पहिल्या वर्षी आपण सात कुटुंबं होतो. मूर्ती कुठे बसवायची हा प्रश्न होता, तेव्हा त्या वेळच्या व्हिकरनी काही न विचारता किल्ली हातात ठेवली. माझ्या नातीचं बारसं तिथेच झालं. तो हॉल पाडू देऊ नये. एक कडक निवेदन लिहा, शंभर सह्या मी आणतो. पॅरिश कौन्सिलमध्ये माझ्या ओळखी आहेत, ते लोक ही परवानगी देणार नाहीत.

प्रेषक: मंडळ सदस्य (पूर्वी प्लॅनिंग खात्यात)

काका, तुमची मेल मी दोनदा वाचली. माझ्या मुलीने पहिल्यांदा लेझीम धरलं ते त्याच लाकडी फरशीवर. तरीही आपण ‘पाडू नका’ असं लिहू नये, असं मला मनापासून वाटतं. बारा वर्षं असल्या फायली हाताळल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पॅरिश कौन्सिल म्हणजे गावाने निवडून दिलेली कौन्सिल, आपल्या ग्रामपंचायतीसारखी. १८९४ च्या कायद्याने ती चर्चपासून वेगळी झाली. हॉल चालवते ती पी.सी.सी., म्हणजे चर्चची समिती, आणि जमीन कागदोपत्री डायोसिसकडे, म्हणजे चर्चच्या बिशपच्या विभागाकडे असते. परवानगीचा निर्णय या दोघींपैकी कुणाचाच नाही, तो डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा. पॅरिश कौन्सिलचं मत मागवतात, पण ते बंधनकारक नसतं.

सह्या आणा, वाया जाणार नाहीत. पण केस ऑफिसर, म्हणजे अर्ज तपासणारा कौन्सिलचा अधिकारी, मुद्दे बघतो, सह्या मोजत नाही. घरांच्या किमती पडतील, खिडकीतून दिसणारं शेत झाकलं जाईल, याला प्लॅनिंगमध्ये वजन नाही. गावाची सोय हिरावली जाण्याला आहे. लोकांच्या उपयोगाच्या सोयी विनाकारण गमावू नयेत असं राष्ट्रीय धोरणातच लिहिलंय. इथे मात्र अर्जदार बदली हॉल देतोय, त्यामुळे नुसता विरोध टिकणार नाही. शिवाय त्यांची अडचणही खरी आहे. जुन्या हॉलच्या दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट भरावा लागतो. धर्मादाय संस्थेने गावाच्या वापरासाठी नवा हॉल बांधला, तर अटींत बसल्यास बांधकामावर शून्य टक्के.

मला धास्ती आहे ती क्रमाची. घरं आधी उभी राहतील, विकली जातील, आणि हॉलची पाळी येईपर्यंत खर्च वाढलेला असेल. मग नकाशातला हॉल आक्रसतो किंवा ‘पुढच्या टप्प्यात’ जातो. माझ्या टेबलावर अशी फाईल एकदा आली होती. त्या गावात आज घरं आहेत, हॉल नाही. म्हणून आपली मुख्य मागणी ही असावी: नवा हॉल वापरायला तयार होईपर्यंत घरांत कुणी राहायला येऊ नये, अशी अट परवानगीतच घाला. अशा अटीला ‘ग्रॅम्पियन’ म्हणतात, स्कॉटलंडमधल्या एका खटल्याच्या निकालावरून. १९९० च्या कायद्याच्या कलम १०६ खाली करार करूनही हे साधता येतं. सहाही घरं अडवली तर बिल्डर पैसे घालणार नाही, तेव्हा निदान शेवटची तीन तरी अडकवून ठेवा, असं आपणच सुचवावं.

आवाजाचंही आत्ताच बोलायला हवं. २०१८ पासून धोरण असं आहे की शेजारी नवी घरं आली म्हणून आधीपासून चालू असलेल्या सोयींवर जाचक बंधनं येऊ नयेत. आवाजाचा बंदोबस्त नव्याने येणाऱ्याने करायचा. पण इथे घरं आणि हॉल दोन्ही नवे, त्यामुळे त्या तत्त्वावर विसंबता येणार नाही. घरांच्या आणि हॉलच्या दोन्ही खिडक्यांचा विचार करणारा आवाजाचा अहवाल मागा. हॉल रात्री नऊला बंद करण्याची अट पडली, तर आरती आणि महाप्रसादानंतर आवराआवरीला वेळच उरणार नाही. रात्री ११ पर्यंतची वेळ मागा.

प्रेषक: मराठी शाळेची ताई

ताई, फार उपयोगी पडलं. दोन शंका आहेत. आपल्यातले बरेच जण गावाबाहेर, पंधरा-वीस मैलांवर राहतात. त्यांनी लिहिलेलं चालतं का? आणि मला सतावतंय ते हे: हॉल चर्चच्या भिंतीला लागून होणार, मग तिथे मूर्ती बसवू देतील का?

रविवारी आमची ३४ मुलं असतात. पुस्तकांचं कपाट, सतरंज्या, समया सगळं मागच्या खोलीत ठेवतो. नव्या नकाशात सामानाची खोली मला दिसलीच नाही.

प्रेषक: मंडळ सदस्य (पूर्वी प्लॅनिंग खात्यात)

लिहिलेलं चालतं, कुणीही लिहू शकतं. फक्त पत्र कौन्सिलच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसतं, हे लक्षात ठेवून लिहा. सामानाच्या खोलीचा मुद्दा तुम्हीच लिहा, मुलांच्या संख्येसकट. बदली हॉल जुन्याइतकाच कामाचा आहे का, हे त्यातूनच ठरतं.

मूर्तीचा प्रश्न प्लॅनिंगच्या हातात नाही. चर्चच्या आवारात बांधायचं तर डायोसिसच्या कोर्टाची वेगळी परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात. तिची नोटीस २८ दिवस लागते. चर्च ऑफ इंग्लंडच्या विधिवत अर्पण केलेल्या वास्तूत इतर धर्मांची पूजा होत नाही. हॉल त्या जमिनीवर येणार की बाहेर, आणि पी.सी.सी. तिथे काय चालू देणार, हे व्हिकरना आत्ताच विचारायला हवं, पाया खणल्यावर नाही. हॉलला स्वतःचा मुख्य दरवाजा असावा आणि तो चर्चशिवाय चालावा, हेही सुचवा. यात त्यांचाही फायदा आहे: चर्चला जोडलेल्या बांधकामाला व्हॅटची सूट हवी असेल तर तो स्वतंत्रपणे चालणारा आणि मुख्य प्रवेश वेगळा असलेला लागतो.

प्रेषक: काका

पोरी, पटलं. निवेदनाचा माझा मसुदा फाडला. जुना हॉल जाणार याचं वाईट वाटतंच आहे, ते राहू दे.

गुरुवारी तिथे म्हाताऱ्यांचं जेवण असतं, सकाळी लहान मुलांचा प्लेग्रुप. त्यांनाही हॉल तेवढाच लागतो आणि ते तर याच गावचे. सगळ्यांना मी स्वतः भेटतो, आधी हॉल मग घरं, हे त्यांच्याही पत्रांत येऊ दे. व्हिकरची वेळ मंगळवारी सकाळची मिळाली आहे. शाळेची ताई, तू बरोबर ये, समया आणि सतरंज्या कुठे ठेवतो ते तूच दाखव. मूर्तीचं मी विचारतो.