उत्तर: शिरवाडकर आडनाव आणि कुसुमाग्रजांशी नातं

आडनाव शिरवाडकर आणि पणजोबा निफाड तालुक्यातले, तर कुसुमाग्रजांशी नातं आहे का आणि ते शोधायचं कसं, असा प्रश्न आहे. एवढ्यावरून आपण कुसुमाग्रजांचे भाऊबंद असणारच, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. निफाड तालुक्यातलं शिरवाडे गाव सोडून बाहेर पडलेला कुणीही शिरवाडकर होऊ शकतो. गोत्र-कुलदैवत जुळलं तरी तेवढ्याने फार काही सिद्ध होत नाही.

लक्षात घ्यायला हवा तो मुद्दा दत्तकाचा. कुसुमाग्रजांचं मूळ नाव गजानन रंगनाथ. काका वामनरावांना दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. म्हणजे रंगनाथरावांच्या शाखेत 'विष्णू' शोधत बसलात तर हाती काही लागायचं नाही. आमच्याकडेही असंच झालेलं. आजोबा दत्तक गेलेले, त्यामुळे त्यांचे सख्खे भाऊ घरच्या वंशावळीतून गायबच होते, ते सापडले त्र्यंबकेश्वरी, तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या वहीत. गाव-आडनाव सांगितलं की गुरुजी ती लांबट वही काढतात. जुनी पानं मोडी लिपीत, पण खाली सही ज्याची त्याची. तिथे दत्तक गेलेल्या आजोबांनी जनक बापाचं नावही लिहून ठेवलेलं होतं (हस्ताक्षर मात्र दिव्य!).

तेव्हा आधी नाशिक-त्र्यंबकच्या वह्या पाहा. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, मागा. मोडी वाचणारा सोबत न्या, नाहीतर नुसते फोटो काढून परत याल. आणि सुरुवात पणजोबांपासून करा, कुसुमाग्रजांपासून खाली उतरत येऊ नका. तसं केलं की प्रत्येक रिकाम्या जागी आपलाच माणूस दिसायला लागतो.