सदिश राशी, ‘परिमाण’ आणि ६०० मधली शून्यं

प्रश्न :
भौतिकशास्त्राची सुरुवातीची उदाहरणं सोडवते आहे. ‘सदिशाचे परिमाण काढा’ असं एके ठिकाणी येतं, दुसरीकडे ‘लांबीचे परिमाण मीटर’, आणि वर्तमानपत्रात ‘चर्चेला नवे परिमाण लाभले’. परिमाण म्हणजे नेमकं काय धरायचं? शिवाय सदिश म्हणजे ‘दिशा असलेली राशी’ एवढं पुरतं का? विद्युतधारेलाही दिशा असते, तरी तिला अदिश म्हटलं आहे.

उत्तर :
परिमाणाच्या मुळाशी ‘मा’, म्हणजे मोजणे, हा धातू आहे, त्यामुळे मोजमापाच्या आसपासचे सगळे अर्थ त्याला चिकटले. उदाहरणं सोडवताना मात्र तीन शब्द वेगळे ठेवा. मीटर, सेकंद ही एककं. लांबी, रुंदी, उंची या मिती, म्हणून त्रिमितीय. आणि परिमाण म्हणजे सदिशाचा फक्त ‘किती’ हा भाग, एककासह. तो कधीच ऋण नसतो. एका सरळ रेषेतल्या गतीत ‘वेग उणे ५ मीटर प्रति सेकंद’ असं लिहितात, तिथे उणे हे चिन्ह दिशा सांगतं. परिमाण ५ मीटर प्रति सेकंदच.

सदिशाबद्दलची तुमची शंका अगदी रास्त आहे. ‘स-दिश’ हा शब्द अर्धंच सांगतो. दिशा हवीच, पण बेरीजही सदिशांच्या नियमाने व्हायला हवी. ३ न्यूटन आणि ४ न्यूटन अशी दोन बलं एकाच वस्तूवर लावली तर एकूण बल किती, हे त्यांच्यातल्या कोनावर ठरतं : एकाच दिशेत ७, काटकोनात ५, विरुद्ध दिशांत १. आता दोन तारा एका बिंदूत मिळतात, एकीतून ३ आणि दुसरीतून ४ ॲम्पियर धारा येते. पुढच्या तारेत ७ ॲम्पियरच जाणार, तारा कोणत्याही कोनात वाकवा. म्हणून धारा अदिश.

आणखी एक करून बघाच. पुस्तक टेबलावर ठेवा, मुखपृष्ठ वर, अक्षरं तुम्हाला सुलट. ते टेबलावरच घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा, मग तुमच्यापासून लांबची कड उचलून उभं करा. मुखपृष्ठ तुमच्यासमोर येतं, पण आडवं. पुन्हा मूळ जागी ठेवा आणि क्रम उलटा करा : आधी लांबची कड उचलून उभं करा, मग तितकंच फिरवा. आता पुस्तक सरळ उभं आहे आणि मुखपृष्ठ डावीकडे गेलं आहे. अशा फिरवण्याला कोन आहे, अक्षाची दिशाही आहे, पण क्रम बदलला की निकाल बदलतो. सदिशांच्या बेरजेत क्रमाने काहीच बिघडत नाही. त्यामुळे मोठ्या कोनातून फिरवणं हे सदिश ठरत नाही. व्याख्येचं दुसरं अर्धं वगळणं मला म्हणूनच खटकतं. पहिल्याच पाठात ते यायला हवं.

प्रश्न :
पुस्तक फिरवून पाहिलं, पटलं! मग चाल आणि वेग यांतला फरकही इथलाच ना? बोलताना तर आपण दोन्ही सारखेच वापरतो.

उत्तर :
हो. बोलण्यात चालतं, उत्तरपत्रिकेत नाही. कोणी ६०० मीटर पूर्वेला आणि मग २५० मीटर उत्तरेला गेलं, एकूण ५०० सेकंद लागले. कापलेलं अंतर ८५० मीटर, म्हणून सरासरी चाल १.७ मीटर प्रति सेकंद. विस्थापन मात्र सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सरळ रेषा : ६५० मीटर, पूर्वेकडून उत्तरेकडे सुमारे २२.६ अंश. सरासरी वेग १.३ मीटर प्रति सेकंद, त्याच दिशेने. नुसतं ‘वेग १.३’ लिहिलं तर उत्तर अपुरं. ‘२२.६ अंश’ एवढंच लिहिलं तरीही अपुरं, कारण कोन कुठून मोजला ते कळत नाही.

दुसऱ्या एका वाचकाचा प्रश्न :
याच उदाहरणात ६०० ऐवजी ६.०० × १०² का लिहितात? संख्या तर लहान आहे. ही पद्धत प्रचंड मोठ्या संख्यांसाठी ना?

उत्तर :
पृथ्वीचं वस्तुमान ५.९७ × १०²⁴ किलोग्रॅम लिहिताना जागा वाचते हे खरं, पण इथे काम वेगळं आहे. ६०० मधली दोन शून्यं मोजून आलेली आहेत की शंभरच्या पटीत घेतल्यामुळे आलेली, हे आकड्यावरून कळत नाही. ६ × १०² म्हटलं की एकच सार्थक अंक (म्हणजे खरोखर मोजून आलेला अंक), म्हणून खरं माप साधारण ५५० ते ६५० यांच्यात कुठेही असेल. ६.०० × १०² म्हटलं की तीन सार्थक अंक, मीटरपर्यंत मोजलेलं. दशांश चिन्हापुढचं शून्य खोडू नका; मोजणाऱ्याने ते मोजून लिहिलं आहे. तिन्ही मापं तीन सार्थक अंकांची असतील तर वर मी १.७ आणि १.३ लिहिलं ते १.७० आणि १.३० असं हवं.

०.००४५० मध्ये मात्र सुरुवातीची शून्यं फक्त दशांश चिन्हाची जागा दाखवतात. ४.५० × १०⁻³ असं लिहिलं की ती गळून पडतात आणि तीन सार्थक अंक उघड दिसतात. मोजून आलेल्या संख्यांनाच हा हिशेब लागू. निर्वातातली प्रकाशाची चाल २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद ही किंमत १९८३ पासून मीटरच्या व्याख्येतच धरलेली आहे, त्यामुळे ती तंतोतंत आहे. उदाहरणात तिच्या जागी ३.०० × १०⁸ घेतलंत, तर तीन सार्थक अंकांची मर्यादा तुम्ही स्वतः आणलेली असते.