मदत हवी आहे: मुलगा १० वर्षांचा, वजन ५२ किलो. त्याला न दुखावता घरातलं खाणं कसं बदलू?

नमस्कार. आम्ही साताऱ्यात, शाहूपुरीत राहतो. आम्ही दोघंही नोकरी करतो, दिवसभर घरी सासूबाई असतात. मुलगा पाचवीत आहे. उंची १४१ सेंटिमीटर, वजन ५२ किलो.

उन्हाळ्यात त्याची मान मागून काळी दिसायला लागली. मला वाटलं मळ साचलाय. रोज आंघोळीला बेसन-दही लावून घासायचे, एकदा तर घासणी घेतली. तो "आई, दुखतंय" म्हणायचा आणि मी "नीट आंघोळ करत नाहीस" म्हणून त्याच्यावरच ओरडायचे. मागच्या महिन्यात तापासाठी मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी मान बघून सांगितलं की हा मळ नाही. शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं की मानेवर, काखेत कातडी अशी काळी आणि मखमलीसारखी जाडसर होते. ते ऐकल्यापासून मला त्याच्या मानेकडे बघवत नाही.

तपासण्या केल्या. उपाशीपोटीची साखर ठीक आहे, थायरॉइड नॉर्मल, पण लिव्हरचा एक आकडा थोडा जास्त आलाय. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २६ आहे. मोठ्यांचा हिशोब मुलांना लागत नाही, त्यांच्यासाठी वयाप्रमाणे तक्ता असतो आणि त्यात हा लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातो. डॉक्टर म्हणाले, डाएट वगैरे काही करायचं नाही. वजन आहे तिथं थांबवा, उंची वाढत राहील. तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

आता घरातलं सांगते. सासूबाई माण तालुक्यातल्या. ७२ च्या दुष्काळात त्या लहान होत्या, मदत म्हणून वाटल्या जाणाऱ्या सुकडीसाठी लावलेल्या रांगा त्यांना अजून आठवतात. नातवाचं ताट रिकामं दिसलं की त्यांचा हात आपोआप भाताच्या पातेल्याकडे जातो. शाळेतून साडेपाचला आला की दुधात चॉकलेटची पावडर, वर दोन चमचे साखर, चार टोस्ट नाहीतर खारी. मग आम्ही येईपर्यंत मोबाइल. आम्हाला घरी यायला साडेसात होतात, जेवण साडेनऊला, झोप अकराला. रविवारी राजवाड्याच्या चौपाटीवर खायला जायचं हे त्याचं ठरलेलं. यात आमचाही दोष आहे, सगळं आईंवर ढकलत नाही.

महिनाभर मी कडक राहिले. डबे वर ठेवले, "बास आता" म्हणत राहिले. परवा त्याच्या कंपासपेटीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद सापडला, घडी घालून पट्टीखाली ठेवलेला. मी त्याला काही बोलले नाही, पण रात्रभर झोप आली नाही. शाळेत त्याला "ढोल्या" म्हणतात. खेळायला घेतलं तरी कायम गोलकीपर म्हणून उभं करतात, म्हणून आता तो मैदानावर जातच नाही.

नवरा म्हणतो वाढीचं वय आहे, आपोआप उतरेल. आई म्हणतात, "पोराला दृष्ट लावताय." ज्यांनी घरात हे निभावलंय त्यांनी कृपया सांगा. सुरुवात कुठून करू? आणि आईंना कसं सांगू?

निशिगंध: ताई, डबे वर ठेवू नका. लपवलेलं खाणं मूल शोधतंच आणि मग लपवून खायला शिकतं. आमच्या मुलीच्या वेळी आम्ही एकच नियम केला, जे तिला नको ते घरात कोणासाठीच आणायचं नाही. यांचं फरसाण आणि माझी खारी दोन्ही बंद. पहिले पंधरा दिवस फार जड गेले, पण "फक्त मलाच का?" हा तिचा प्रश्न संपला. कागदाबद्दल बोलला नाहीत ते फार चांगलं केलंत. यजमानांना मात्र सांगा, आपोआप उतरेल या भरवशावर राहू नका. या वयातलं वजन पुष्कळदा मोठेपणीही टिकतं.

रानजाई: मी आहाराच्या क्षेत्रात काम करते. साडेपाचची भूक खरी आहे, तिला दटावू नका. शाळेतून आलेल्या मुलाला पोटभर खायला हवंच, प्रश्न काय द्यायचं हा आहे. उकडलेलं अंडं, मटकीची उसळ, डाळीचं धिरडं, दाण्याची चटणी लावून अर्धी भाकरी यातलं काहीही. टोस्ट आणि खारी म्हणजे मैदा आणि तूप-तेल. चार खाल्ले तरी तासाभरात पुन्हा भूक. दूध साधं द्या. चॉकलेटच्या पावडरीत बहुतेक वेळा साखर असतेच, पुड्यामागची यादी वाचून बघा. कोल्ड्रिंकच्या २५० मिलिच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. फळाचा रस काढू नका, पेरू चावून खाऊ दे.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, झोप. या वयाला ९ ते १२ तास लागतात. अपुऱ्या झोपेनं दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड जास्त खावंसं वाटतं. तुम्हाला उशीर होतो तर त्याला आजीबरोबर आठला जेवू द्या.

स्वतःला दोष देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे ५ ते १९ वयोगटात जास्त वजनाची मुलं १९९० मध्ये ८ टक्के होती, २०२२ मध्ये २० टक्के झाली. एका घरानं काही चुकवलं म्हणून एवढं होत नाही.

अजिंक्यतारा_रोज: थायरॉइड तपासलं ते बरं केलं, पण थायरॉइड कमी असेल तर मुलाची उंचीही खुंटते. इथं तसं दिसत नाही. खेळाचं म्हणाल तर रोज तासभर घाम येईल असं काहीतरी हवं, पण जिथं चिडवतात तिथं आत्ता पाठवू नका. सकाळी बाबांबरोबर टेकडीवरच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत चढू दे. पहिल्या दिवशी धाप लागेल, थांबत थांबत जा. पोहणं आवडत असेल तर उत्तम, गुडघ्यांवर भार येत नाही. "वजन कमी करायला" हे शब्द मात्र त्याच्यापुढं काढू नका.

माणदेशी: तुमच्या सासूबाईंच्या जागी माझी आई दिसली. आमच्याकडं ताटात उरलेला घास म्हणजे पाप. ज्यांनी भूक पाहिलीय त्यांना "कमी वाढा" सांगितलं की "माया कमी करा" असं ऐकू येतं. म्हणून त्यांच्याकडून काढून घेऊ नका, उलट काम सोपवा. माणातल्या बाईला मटकी, हुलगा, बाजरीची भाकरी यातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडं त्यांनाच घेऊन जा. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात फार फरक पडतो.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. माणदेशी, तुमचं वाचून मी काल आईंना विचारलं की लहानपणी संध्याकाळी काय खायचात. त्या तासभर बोलत होत्या. आज कुळथाची उसळ केली त्यांनी, "आमच्याकडं हुलगं म्हणायचं" असं त्याला सांगत सांगत. त्यानं वाटीभर खाल्ली, पुन्हा मागितली नाही. टोस्ट संपलेत, नवीन आणले नाहीत. तीन महिन्यांच्या तपासणीला आईच येणार आहेत.

आणि रात्री मानेबद्दल त्याची माफी मागितली. म्हटलं, तुझी चूक नव्हती, मला माहीत नव्हतं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "म्हणजे आता घासायची नाही ना?"

शनिवारी चार भिंतीला जाऊन आलो की इथंच लिहिते.