आईचा फ्लॅट विकायचा आहे, रंगाला हात लावण्याआधी घरच्या घरी काय काय घासून काढायचं?

अनघा_त्रिमूर्तीनगर
१७ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. नागपुरात त्रिमूर्तीनगरला आईबाबांचा फ्लॅट आहे. दुसरा मजला, दोन बेडरूम, १९९६ चं बांधकाम. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, आई मागच्या जूनमध्ये गेली आणि तेव्हापासून घर बंद आहे. भाऊ पुण्याला. विकायचं, एवढं ठरवायलाच आम्हा दोघांना दिवाळी उजाडली.

जानेवारीपासून तीन जण पाहून गेले. पहिले दारातूनच वळले, आत कोंदट घाण वास येत होता. दुसऱ्या बाईंनी बाथरूमचे नळ पाहिले, फरशी पाहिली आणि जिना उतरताना नवऱ्याला म्हणाल्या, "हे सगळं तोडावंच लागेल." मी मागेच होते. तिसऱ्यांनी आमच्या ५२ लाखांना ४६ सांगितले. एजंट म्हणतो, द्या सोडून. एका ठेकेदाराने बाथरूम, ओटा, फरशी आणि रंग मिळून ३ लाख १० हजारांचा आकडा दिलाय.

तोडण्यासारखं घर नाही हो ते. आईने पंचवीस-सव्वीस वर्षं ते लखलखीत ठेवलं. शेवटची दोन वर्षं गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नव्हतं, कामवाली येऊन वरवर पोछा मारून जायची. जी घाण आहे ती त्या दोन वर्षांची आणि बंद घराच्या आठ महिन्यांची. लोक तेवढीच पाहून अख्ख्या घराची किंमत करून राहिले, हे मला सोसत नाही.

आता नेमकं काय आहे ते सांगते. हॉलमध्ये कूलरच्या खिडकीखाली भिंतीला पांढरी पूड सुटलीय, पोपडे आलेत. फरशी मोझॅकची, हिरव्या चिप्सची, आता मेणचटलेली. स्वयंपाकघरात सिलेंडरच्या जागी गंजाचा गोल. इमारतीला बोअरचं पाणी, त्यामुळे बाथरूमचे नळ आणि टाइल्स पांढऱ्याफट. एक्झॉस्ट फॅनवर तेलाचा थर. गॅलरीत कबुतरं. देवघराच्या वर दिव्याच्या काजळीचा मोठा पट्टा.

मी आणि नवरा, हाताशी फक्त रविवार. पाडव्याला अजून सहा रविवार आहेत, तोवर घर दाखवण्यासारखं करायचंय. कुठून सुरू करू? आणि कशाला स्वतः हात लावू नये?

---

रंगकाम_मानेवाडा
१७ फेब्रुवारी, रात्री १०.२५

ताई, मी रंगाचंच काम करतो, वीस वर्षं झाली. माझ्या धंद्याविरुद्ध सांगतो, आत्ता रंग मारू नका. कूलरच्या भिंतीला पांढरं आलंय तो लोणा आहे. विटेतला, प्लास्टरमधला क्षार पाण्यासोबत बाहेर येतो आणि पाणी उडून गेलं की पूड उरते. त्यावर कितीही भारी रंग मारा, पहिल्याच पावसात पोपडा सुटतो. आणि घेणारा माणूस एकाच भिंतीवरचा नवा रंग पाहून लगेच ओळखतो की इथं काहीतरी झाकलंय.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. आमच्या नागपुरात दहापैकी सात-आठ घरांत मला ते कूलरचंच सापडतं. फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, बिघडून टाकी वाहते, नाहीतर खिडकीच्या कट्ट्याचा उतार आतल्या बाजूला असतो. आता कूलर बंद आहे तर भिंत वाळलेली असेल. खात्री करायला हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. आतून भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल अजून आहे. कोरडा निघाला तर कोरड्या ब्रशने लोणा झाडून काढा. कोरड्याच हं, ओल्या फडक्याने पुसलं की क्षार विरघळून परत आत जातो. नाकाला रुमाल बांधा.

काजळीचंही तसंच. ओलं फडकं लावलं की ती पसरते. आधी कोरड्या स्पंजने वरून खाली, मग साबणाचं कोमट पाणी. तेलाचा डाग राहीलच, तेवढ्या पट्ट्याला ऑइल प्रायमरचा एक हात मारा, नाहीतर तो रंगातून परत वर येतो.

---

नंदनवनच्या_काकू
१८ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

अनघा, तुझं वाचून मला माझ्या सासूबाईंचं घर आठवलं. नंदनवनातलं खालचं घर, २०२१ मध्ये विकलं. दोन महिने मी एकटी घासत होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी काहीच घासू नकोस. सगळ्या खिडक्या उघड आणि बाथरूम, मोरी, गॅलरी, जिथे जिथे जाळी आहे तिथे बादलीभर पाणी ओत. जाळीखाली वाकडा पाइप असतो, त्यात थोडं पाणी साचलेलं राहतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. घर बंद राहिलं की आपल्या उन्हाळ्यात ते पाणी उडून जातं आणि गटार सरळ घरात येतं. मी धूप लावला, कापूर जाळला, डांबरगोळ्या टाकल्या, आठ दिवस डोकं धरून बसले होते. शेवटी प्लंबर आला, दोन बादल्या पाणी ओतलं आणि गेला. पैसेही घेतले नाहीत. तुझे पहिले गिऱ्हाईक दारातून वळले ना, ते बहुतेक यानेच.

आता माझी चूक ऐक, तू करू नकोस. फरशी आमचीही मोझॅकची. दुकानदाराने बाथरूमचं ॲसिड दिलं, म्हणाला, चकाचक होईल. मी हॉलच्या कोपऱ्यात ओतलं. फस्सकन फेस आला आणि मला वाटलं मळ निघून राहिला. मळ नव्हता तो, फरशीच जात होती. मोझॅकमध्ये सिमेंट आणि संगमरवराच्या चिप्स, दोन्हीला ॲसिड खातं. वाळल्यावर तिथं हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं लागलं. सासूबाई तेव्हा होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता पाय फिरवून पाहिला. अजून मला ते आठवतं.

मोझॅकला भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी आणि प्लास्टिकचा ब्रश एवढंच. एका वेळी चार फरश्या घे. दहा मिनिटं पाणी मुरू दे, घास आणि गढूळ पाणी लगेच टिपून घे. ते तिथंच वाळलं तर मळ परत फरशीत बसतो. तेवढं झालं की पॉलिशचं मशीन कुठे लागेल आणि कुठे नाही ते तुलाच दिसेल. गंजाच्या गोलाला ऑक्झॅलिक ॲसिडची पूड मिळते, इतवारीत रंगाच्या, केमिकलच्या दुकानांत विचार. आधी कपाटाखालच्या फरशीवर करून पाहा, मग सिलेंडरच्या जागी. ती विषारी असते, हातमोजे घालूनच वापर आणि घरात लहान मूल असेल तर उरलेली पूड ठेवूही नकोस.

नळांना मात्र निंबूसत्त्व. तेही ॲसिडच, पण नळावरचा पांढरा थर त्याने विरघळतो. तांब्याभर गरम पाण्यात दोन चमचे, त्यात जुनं बनियन भिजवून नळाला गुंडाळ, वीस मिनिटांनी काढ आणि भरपूर पाण्याने धू. टाइल्सना लावण्याआधी जोड साध्या पाण्याने भिजव, म्हणजे सिमेंट ते शोषणार नाही. फरशीवर त्याचा थेंब सांडू देऊ नकोस.

एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते. संडासात टॉयलेट क्लीनर टाकलंस तर त्या दिवशी तिथं ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर अजिबात नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. आमच्या शेजारची मुलगी त्यातूनच दवाखान्यात गेली होती.

कबुतरांची घाण कोरडी झाडू नकोस, नाकातोंडात जाते. पाणी शिंपडून तासभर ठेव, मास्क लाव आणि ओलीच खरवड. फॅनच्या पात्यांना धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी चालतं, पण पाती ॲल्युमिनियमची असतील तर सोडा नको, काळी पडतात.

---

अंबाझरी_तळमजला
१८ फेब्रुवारी, दुपारी १.१५

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या भागातल्या तळमजल्यांत छातीपर्यंत पाणी होतं. त्यानंतर मी याच भागात एक घर पाहिलं. स्वच्छ, नवा रंग, फिनाईलचा वास. कपाट सरकवलं तर मागे पाण्याची रेघ तशीच. मालकांना विचारलं, तर म्हणे इथं पाणी आलंच नाही. मी त्याच पावली परतलो. दुसऱ्या घरमालकाने स्वतः रेघ दाखवली, पाणी कुठवर होतं, मीटर किती वर चढवून घेतलं, सगळं सांगितलं. मी त्यांचं घर घेतलं.

म्हणून ताई, कूलरच्या भिंतीचं जे झालं ते येणाऱ्याला आपणहून सांगा. कायदाही तेच म्हणतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५ : जो मोठा दोष घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळण्यासारखा नाही आणि विकणाऱ्याला माहीत आहे, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे.

---

घरकर्ज_निवृत्त
१८ फेब्रुवारी, रात्री ८.०५

बँकेत घरकर्जाच्या टेबलावरच माझी सगळी नोकरी झाली. अपेक्षा नीट ठेवा म्हणून सांगतो. नळ चमकले म्हणून रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यांकनाचा, दर बदलत नाही आणि घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअरही मुख्यतः क्षेत्रफळ, इमारतीचं वय, मंजूर नकाशा पाहतो. सफाईने ५२ चे ५५ होणार नाहीत. पण घेणारा घासाघीस करतो ती डोळ्यांना दिसतं त्यावर. एक गळका नळ दिसला की तो मनात पूर्ण प्लंबिंगचा खर्च धरतो. तुमचे सहा लाख तिथेच कापले गेले.

सोसायटीची ना-हरकत, भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), घरटॅक्सची ताजी पावती आणि वारसांची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावून ठेवा. आई गेल्या आहेत, तेव्हा वारसांचं नाव सोसायटीत चढलंय ना ते आधी पाहा. ते राहिलं असेल तर पाडव्याआधी ते काम, मग सफाई.

---

अनघा_त्रिमूर्तीनगर
१० मार्च, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार झाले, त्याचा हिशेब देते.

वास पहिल्याच दिवशी गेला, काकू. मोरीच्या जाळीत पाणी ओतलं तर आतून गुडगुड आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत घर घरासारखं वाटायला लागलं. मी तिथंच ओट्याला टेकून थोडं रडून घेतलं.

निंबूसत्त्व अर्धा किलो पुरलं. बेसिनच्या नळावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव कोरलेलं आहे, ते मला आज इतक्या वर्षांनी दिसलं. एक नळ मात्र आतून गेलेला होता, तो बदलला.

दादा, प्लास्टिक लावून पाहिलं, कोरडं निघालं. कूलरची टाकी भरून पाहिली तर फ्लोट अडकतो आणि पाणी मागच्या बाजूने थेट कट्ट्यावर. आईला ते कळत नसणार, ती खिडकीपाशी वाकू शकत नव्हती. फ्लोट बदलला, कट्ट्याला मिस्त्रीकडून बाहेरच्या बाजूला उतार करून घेतला. लोणा झाडला, सुपलीभर निघाला. रंग लावायची घाई करत नाही.

फरशीवर अजून गुडघ्यांवर आहोत. हॉल झाला. हिरव्या चिप्स इतक्या हिरव्या होत्या हे मी विसरले होते. गंजाचा गोल फिका झाला, पुसट वर्तुळ राहिलंय, राहू दे. वारसांची नावं चढलेली नव्हती, तो अर्ज भावाने पुण्याहून येऊन केला आणि दोन दिवस राहून गॅलरीही त्यानेच खरवडली.

---

नंदनवनच्या_काकू
११ मार्च, सकाळी ७.०५

शाब्बास गं. पॉलिशवाल्याला फक्त हॉल आणि स्वयंपाकघर दे, बेडरूम राहू दे. आणि घर दाखवशील ते सकाळी नऊ-दहाला. दुपारी दाखवलंस तर येणारा माणूस उन्हाने वैतागलेला असतो, त्याला कुठलंच घर आवडत नाही.

---

अनघा_त्रिमूर्तीनगर
१३ एप्रिल, रात्री ९.००

काल इसार झाला. ५० लाख ७५ हजार. आमचा खर्च पॉलिश, मिस्त्री, नळ, प्रायमर, दोन खोल्यांचा रंग आणि सफाईचं सामान मिळून ३४ हजारांच्या आत राहिला.

दोघं नवराबायको आणि त्यांची सासू असे आले होते, सकाळी साडेनऊला. मी कूलरच्या भिंतीपाशी त्यांना उभं केलं, पाणी कसं येत होतं, काय दुरुस्त केलं ते सगळं सांगितलं आणि बदललेला जुना फ्लोट दाखवला. सासूबाईंनी खिडकीच्या कट्ट्यावर स्वतः पेल्याने पाणी ओतून पाहिलं. पाणी बाहेर गेलं. मग त्यांनी चपला काढून हॉलभर अनवाणी चालून पाहिलं.

कूलर आम्ही भंगारात देणार होतो. त्या म्हणाल्या, स्टँड तेवढं राहू द्या, खिडकीच्या मापाचं आहे.