मानांकन की क्रमवारी?

प्रश्न : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम प्रशिक्षकांच्या याद्यांवर मराठीत लिहिताना ‘रँकिंग’ला कोणी मानांकन म्हणतं, कोणी क्रमवारी. योग्य काय?

– क्रमवारीच. मानांकन म्हणजे सीडिंग, स्पर्धेचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते, आखताना दिलेलं स्थान. टेनिसच्या बातम्यांत हा भेद पाळतात. २०२४च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, बॉयसी स्टेटचा संघ क्रमवारीत नववा होता, पण त्याला तिसरं मानांकन मिळालं. ॲरिझोना स्टेट बारावा, त्याला चौथं. पहिली चार मानांकनं कॉन्फरन्स (विद्यापीठांचे गट) विजेत्यांसाठी राखीव होती. प्रशिक्षकांचा ड्रॉ निघत नाही, त्यामुळे त्यांना मानांकन नसतंच.

– सहमत. ‘विजेतेपद’ हा शब्दही जपून वापरावा. प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय विजेतेपदांबद्दल निक सेबन ७, बेअर ब्रायंट ६, असं सरसकट लिहिलं जातं. पण ब्रायंटच्या अलाबामाचं १९७३चं विजेतेपद यूपीआय या वृत्तसंस्थेच्या मतदानातलं आहे, आणि ते मतदान शुगर बोल या हंगामअखेरच्या सामन्याच्या आधीच उरकलं होतं. त्या सामन्यात नोत्र दामने अलाबामाला २४-२३ असं हरवलं आणि एपी या दुसऱ्या वृत्तसंस्थेचा कौल नोत्र दामला गेला. तिथे ‘जिंकलं’ चुकीचं ठरतं. ‘यूपीआयच्या कौलाने विजेतेपद मिळालं’ असं लिहावं. १९७४पासून यूपीआयनेही अंतिम मतदान बोल (हंगामअखेरच्या) सामन्यांनंतर घ्यायला सुरुवात केली.

– ‘व्हेकेटेड विन्स’ला, म्हणजे शिक्षा म्हणून नोंदीतून वगळलेल्या विजयांना, काय म्हणावं? ‘रद्द’ चालेल?

– नको. सामना रद्द म्हणजे तो झालाच नाही, असा अर्थ होतो. ‘काढून घेतलेले विजय’ म्हणा. माजी सहायक प्रशिक्षक सँडस्कीच्या बाललैंगिक अत्याचार प्रकरणानंतर २०१२मध्ये पेन स्टेटच्या जो पटर्नोंच्या ४०९ विजयांतून १११ काढून घेतले, म्हणजे २९८ उरले. जानेवारी २०१५मध्ये ते बहाल झाले. असे विजय प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होत नाहीत. फॉरफिटमध्ये, म्हणजे सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल केला तर, होतात, म्हणून त्याला वेगळा शब्द हवा.

– विजयांची टक्केवारी लिहिताना बरोबरीचं काय केलं तेही सांगा. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत नियमित हंगामात जादा वेळ १९९६मध्ये आला, त्याआधी सामने बरोबरीत सुटत. नोत्र दामचे प्रशिक्षक न्यूट रॉक्नी यांचे १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी. प्रत्येक बरोबरी अर्धा विजय धरली तर १०७.५ भागिले १२२, म्हणजे ८८.१ टक्के. बरोबरी वगळली तर ८९.७. आणि इथे ‘अनिर्णित’ लिहू नका; क्रिकेटच्या वाचकाला ते वेळ संपून सुटलेला कसोटी सामना वाटतं.